सळया राखून ठेवलेली घरे

नवी मुंबईत सामान्य माणसाला घर परवडते का, या प्रश्नावर भाषणे पुष्कळ होतात, पण माझ्या टेबलावर तो आकड्यांच्या रूपातच येतो. वाशीतल्या एका सहकारी बँकेच्या शाखेत मी गृहकर्जाचे अर्ज तपासते. अर्जदार पगारपत्रके आणि खात्याचे उतारे पुढे करतो, मनात धरलेल्या घराचा पत्ता सांगतो, आणि पुढचा हिशेब काही मिनिटांत होतो. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, हा बँकांचा ढोबळ नियम. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षे धरली, तर लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. एवढ्या दोन गोष्टी हाताशी असल्या की समोरच्या माणसाचे घर कोणत्या स्टेशनावर होणार, हे त्याने सांगण्याआधीच मला बरेचसे कळलेले असते.

समजा घर ६० लाखांचे आहे. कर्ज ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांच्या आत असेल, तर किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच ते देता येते, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक. म्हणजे ४८ लाख कर्जाचे आणि १२ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे आणखी साडेचार लाख, तेही स्वतःच्याच खिशातून, कारण एवढ्या घराच्या किमतीत ते धरून कर्ज देता येत नाही. महिन्याचा हप्ता ४१ हजार ६०० च्या पुढे जातो. तेव्हा हातात किमान ८३ हजार पगार हवा, गाठीला साडेसोळा लाख हवेत, आणि दुसरे कोणतेही कर्ज नको. रुग्णालयातली परिचारिका, कंत्राटी बसचालक, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी एमआयडीसीतला फिटर, विनाअनुदानित शाळेतले शिक्षक या माणसांना मी हा हिशेब वाचून दाखवते, तेव्हा बहुतेक जण वाद घालत नाहीत. ते मुदत वाढवून मिळेल का, एवढेच विचारतात. मुदत वाढते, हप्ता थोडा उतरतो, आणि कर्ज निवृत्तीच्या वयाला जाऊन टेकते.

खासगी विकासकाचे घर महाग, म्हणून सरकारी घर, हा यावरचा नेहमीचा तोडगा, आणि त्याचा हिशेब मांडल्यावर मी अधिकच चक्रावले. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना जाहीर केली. अर्ज आधी मागवले गेले आणि किमती नंतर, जानेवारी २०२५ मध्ये, जाहीर झाल्या. दुर्बल घटकांसाठीच्या घरांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती ६ लाख, म्हणजे महिना ५० हजार. त्याचा निम्मा हप्ता २५ हजार, आणि तेवढ्या हप्त्यात कर्ज बसते जेमतेम २९ लाखांचे. याच गटातल्या खारघर बस डेपोजवळच्या घराची किंमत होती ४८ लाखांच्या वर. उरलेले १९ लाख अशा कुटुंबाने कुठून आणायचे? पंतप्रधान आवास योजनेचे अडीच लाखांचे अनुदान वजा केले तरी साडेसोळा लाख उरतात. नवरा-बायको दोघे कमावते असले आणि कर्ज बसण्याइतका पगार दाखवता येत असला, की उत्पन्न मर्यादेबाहेर जाते. मर्यादेत राहावे, तर कर्ज बसत नाही. तळोज्यातली घरे २५ लाखांच्या आसपास होती, तिथे हिशेब जुळत होता, पण तळोज्याहून तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पहाटे चारला पोहोचायचे कसे, हा प्रश्न अर्जाच्या कोणत्याच रकान्यात नव्हता. सोडतीनंतर बरीच घरे उरली, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

घराची किंमत आणि घराचा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दूरच्या नोडमधले, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरातले, घर दहा लाखांनी स्वस्त पडते, पण दोघांचा रोजचा प्रवास, रिक्षाचे भाडे, उन्हाळ्यात सोसायटीने मागवलेल्या टँकरांची वर्गणी, लिफ्ट आणि पंपाच्या विजेपोटी वाढलेला मेंटेनन्स, आणि मुलाला सांभाळायला कोणी नसल्यामुळे एकाने सोडलेली नोकरी, हे सगळे त्या दहा लाखांतून हळूहळू वसूल होत असते. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्यावर तळोज्याकडचा प्रवास सुधारला, हे खरे. मात्र वस्ती आधी आणि वाहतूक नंतर, ही मधली वर्षे कोणाच्या तरी आयुष्यातून जातातच, आणि ती नेहमी सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या आयुष्यातून जातात.

आता मी जे सांगणार आहे ते बँकेत बोलायची सोय नाही. माझ्या पाहण्यात या शहराने कष्टकऱ्यांना खरोखर परवडलेले घर दिले ते टॉवरमध्ये नाही आणि सोडतीतही नाही. ते दिले कोपरखैरणे, ऐरोली, घणसोलीच्या बैठ्या घरांत आणि मूळ गावांच्या गावठाणांत. या दोन्ही ठिकाणच्या घरांवर कागदोपत्री कसला ना कसला ठपका आहे. एकाला ‘वाढीव बांधकाम’ म्हणतात, दुसऱ्याला ‘गरजेपोटी घर’. दोन्ही शब्द महापालिकेच्या आणि शासनाच्या कागदांतून येऊन लोकांच्या तोंडी बसले आहेत.

आमचे घर पहिल्या प्रकारातले. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पाटण तालुक्यातून मशीद बंदरला माथाडी कामाला आले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मसाल्याचा आणि धान्याचा घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला, आणि बाजारामागे पाठीवर पोती वाहणारी माणसेही खाडी ओलांडून आली. कोपरखैरण्यात मिळालेले घर म्हणजे पंचवीसेक चौरस मीटरांच्या भूखंडावरची एक खोली, मोरी, संडास आणि पुढे थोडी मोकळी जागा. त्या घरात पूर्ण असे काहीच नव्हते, आणि मला आज वाटते, त्याचे मोठेपण त्यातच होते. पहिल्या वर्षी आप्पांनी पुढच्या जागेवर पत्रा टाकून पडवी केली. पुढे बोनस आणि भिशीचे पैसे जमले तेव्हा पत्रा जाऊन स्लॅब आला. स्लॅब टाकताना गवंडीकाकांनी कॉलमच्या सळया गच्चीवर दोन-अडीच हात वर काढून ठेवल्या, त्यांच्या टोकांना गंज लागू नये म्हणून सिमेंटचे पाणी फासले, वर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्या. “वहिनी, यांना कपडे वाळत घालू नका, पोरगी मोठी झाली की लागतील,” असे ते आईला सांगून गेले. आईने दुसऱ्याच दिवशी त्यांना दोरी बांधली, ही गोष्ट वेगळी.

त्या सळयांना वरचा मजला मी दहावीत असताना मिळाला. बाहेरून लोखंडी जिना, वर दोन खोल्या, एकीत आम्ही मुले आणि दुसरीत भाडेकरू. एमआयडीसीत काम करणारी तीन-चार मुले मिळून राहायची. खानदेशातली, मराठवाड्यातली, पुढे उत्तरेकडलीही. त्यांच्या भाड्यात माझे बी.कॉम. झाले आणि त्यांना कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर छप्पर मिळाले. कोणतेही अनुदान नाही, कर्ज नाही, विकासक नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जाचा एकही हप्ता न भरता एका कुटुंबाने वीस वर्षांत आपले घर तिप्पट केले, आणि वाटेत दुसऱ्या चार जणांच्या राहण्याची सोय केली. अशी घरे एका गल्लीत चाळीस-पन्नास असतात, आणि गल्ल्या किती आहेत हे कोपरखैरण्यातून पायी फिरलेल्या माणसाला सांगायला नको.

हा प्रकार अडाणीपणातून घडला, असे समजण्याचे कारण नाही. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत चारकोप आणि गोराईला जे प्रकल्प उभे राहिले, त्यांचे तत्त्व नेमके हेच होते. सरकारने छोटा भूखंड, जोते, संडास, पाणी, गटार आणि रस्ता द्यावा, आणि घर ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावे. मोठे व व्यापारी भूखंड बाजारभावाने विकून लहान भूखंडांची झळ भरून काढावी. नवी मुंबईतही सिडकोने त्याच धर्तीवर छोटी घरे दिली. त्याच काळात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला, सुमारे सहा हेक्टरांवर, ज्याला आज आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात ती वसाहत आखली. सात-सात घरांचा एक पुंजका, मध्ये आठ मीटरचे सामाईक अंगण, आणि प्रत्येक घर स्वतंत्र भिंतींवर उभे, म्हणजे एकाने घर वाढवले तर शेजाऱ्याची भिंत हलू नये. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर. गरिबाच्या आणि मध्यमवर्गीयाच्या भूखंडांत फरक एवढाच. आज तिथे मूळची कौलारू घरे शोधावी लागतात, बऱ्याच ठिकाणी बंगले उठले आहेत, आणि त्यावरून वास्तुरचनेची जाणकार मंडळी हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखे फार दिसत नाही. घर वाढावे म्हणूनच ते आखले होते, आणि ते वाढले. खंत करायचीच असेल तर ती ही, की असा प्रयोग एवढ्या मोठ्या शहरात बोटांवर मोजण्याइतक्याच ठिकाणी झाला आणि पुढे थांबला.

पण बैठ्या घरांचे गुणगान गाऊन मोकळे होता येत नाही. आमच्या गल्लीतली मलवाहिनी एका मजल्याच्या, पाच-सहा माणसांच्या घरासाठी टाकलेली. आज एकेका जोत्यावर तीन-तीन मजले आणि पंधरा-सोळा माणसे आहेत. पावसाळ्यात चेंबर तुंबतात, आणि जेटिंग मशीनची गाडी येईपर्यंत शेजारच्या काकू दाराशी विटा रचून बसतात. वरचे मजले पुढे काढत नेल्यामुळे दुपारी बारालाही तळमजल्यावर दिवा लावावा लागतो. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि आजारी माणसाला खुर्चीत बसवून बाहेर आणावे लागते. जोते एका मजल्याच्या भारासाठी घातले होते का तीन, हे गवंडीकाकांना ठाऊक होते, असे आम्ही मानून चालतो. संरचना अभियंत्याची सही कुणाच्याच कागदावर नाही, कारण परवानगीच नसेल तर सही कशावर करायची?

हे मानून चालणे किती महागात पडते, ते ठाण्याने पाहिले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायलाही आली होती. ती इमारत आणि आमच्या गल्लीतले घर यांना एकाच ‘अनधिकृत’ शिक्क्याखाली आणले जाते, यातच धोरणाची सगळी गफलत आहे. एक विकण्यासाठी घाईने उठवलेला सांगाडा. दुसरे राहणाऱ्याने स्वतःच्या पोराबाळांसाठी वीस वर्षांत चढवलेले बांधकाम. दोन्हींत धोका असू शकतो, पण पहिला रोखायचा तो फौजदारी कायद्याने, आणि दुसरा रोखायचा तो अभियंता गल्लीत पाठवून, जोते तपासून, दोन मजल्यांपर्यंत साधी परवानगी आणि त्याबदल्यात वाढीव आकार घेऊन. नोटीस पाठवली की काम झाले, असे मानणारी व्यवस्था दोन्हींपैकी काहीच रोखत नाही. आम्हालाही अशी एक नोटीस आली होती. तिचे पुढे काय झाले ते आप्पांना विचारले की ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

गावठाणांची गोष्ट याहून जुनी आणि अधिक कडू. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाने भावासाठी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, जासईच्या परिसरात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ते भूखंड प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत एक पिढी उलटली, अनेकांनी कागदावर असतानाच ते विकले, आणि दरम्यान गावठाणातले कुटुंब वाढत गेले. भावाभावांत वाटणी झाली, राहत्या घराशेजारी घर उठले, मग त्यावर मजले उठले, आणि शेती गेलेल्या माणसाला भाडे हेच पीक उरले. जुहूगाव, सानपाडा, करावे, घणसोली या गावांतल्या तीन-चार मजली, हात बाहेर काढला तर समोरच्या खिडकीला लागेल अशा इमारतींतच शहरातले घरकाम करणारे, सुरक्षारक्षक, दुकानांतले नोकर आणि नव्याने आलेले अभियंतेसुद्धा राहतात. आखीव शहराच्या स्वस्त भाड्याचा भार ज्यांच्या जमिनीवर ते शहर उठले त्यांनीच वाहावा, हा योगायोग नाही. आखणी करणाऱ्यांनी मालकीच्या घरांची प्रतवारी केली, ए टाइप, बी टाइप, सी टाइप अशी. महिना सात-आठ हजार देऊन राहू पाहणाऱ्या भाडेकरूचा टाइप त्यात कुठेच नव्हता.

असे का झाले, याचे उत्तर मला जमिनीच्या व्यवहारात दिसते. शहर वसवायला सरकारकडून मिळालेले भांडवल तुटपुंजे होते, आणि जमीन हेच भांडवल धरून चालायचे ठरले. भूखंड विकायचे, त्या पैशातून रस्ते, गटारे, पूल बांधायचे, मग वाढलेल्या भावाने पुढचे भूखंड विकायचे. कल्पना चुकीची नव्हती. शाळा, दवाखाने आणि लहान घरांना राखीव दराहून, म्हणजे ठरवलेल्या मूळ भावाहून, कमी भावात जमीन द्यायची आणि दुकाने-कार्यालयांकडून जास्त घ्यायची, असा तोल तिच्यात धरलेला होता. रेल्वे आली तीही याच पैशातून. इथल्या स्थानकांचा आणि मार्गांचा दोन-तृतीयांश खर्च सिडकोने उचलला, एक-तृतीयांश रेल्वेने. १९९२ मध्ये वाशी पुलावरून लोकल धावली आणि शहर खऱ्या अर्थाने सुरू झाले. राज्य सरकारचे मुख्यालय इकडे हलवायची मूळ कल्पना मात्र हवेतच राहिली; सरकारने त्याऐवजी नरिमन पॉइंटला समुद्रात भर घातली.

तोल बिघडला तो निविदेने. भूखंड सर्वाधिक बोली लावणाऱ्याला जाऊ लागला, आणि एका भूखंडाची बोली ही त्या सगळ्या नोडच्या भावाची पायरी होऊन बसली. विकासक चढी बोली लावतो, कारण घरे चढ्या भावाने विकली जातील असे त्याला वाटते. बोली लागल्याची बातमी आली की शेजारच्या वीस वर्षे जुन्या सोसायटीतला मालकही आपला भाव वाढवतो. आणि पुढच्या वर्षी त्या भावाकडे बोट दाखवून भूखंडाची पायाभूत किंमत वाढते. जमिनीचा सर्वांत मोठा मालक सार्वजनिक असूनही तो खासगी मालकासारखाच वागू लागला, तर परवडणाऱ्या घरांसाठी वेगळा मालक आणायचा कुठून? विमानतळ, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू, उरणपर्यंत गेलेली रेल्वे या सगळ्या लोकांच्याच पैशाने झालेल्या सोयी आहेत, आणि त्यांच्यामुळे उलव्यात वाढलेल्या भावाचा फायदा मात्र ज्याने आधी जमीन किंवा फ्लॅट घेऊन ठेवला त्याला. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत उलव्याचे दुसरे किंवा तिसरे घर घेणारेही असतात. त्यांचे कागद चोख असतात आणि कर्ज लगेच मंजूर होते, हेही सांगायला हवे.

राज्याच्या २०१३ च्या नियमाने चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायची आहेत, आणि म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत ठाणे परिसरातली अशी घरे येतात. मला ही तरतूद मनापासून पटते, कारण ती गरिबाला शहराच्या टोकाला ढकलत नाही. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणाने २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट मोठे आहे, पण ही घरे कुठे असतील आणि त्यांना पाणी कुठून येईल, याची उत्तरे त्या आकड्यात नाहीत.

पाण्याचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण बँकेत तो कुणीच काढत नाही. आम्ही मालकीहक्क तपासतो, बांधकाम परवाना पाहतो, महारेरा क्रमांक आणि भोगवटा प्रमाणपत्र मागतो. वीस वर्षांचे कर्ज देताना या इमारतीला वीस वर्षे पाणी मिळेल का, हे विचारणारा रकाना आमच्या अर्जात नाही. नवी मुंबई महापालिकेने खालापूरजवळचे, धावरी नदीवरचे मोरबे धरण विकत घेतले आणि दिवसाला ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचा हक्काचा स्रोत मिळवला. हे मोठे शहाणपण होते, आणि त्याची किंमत मोरबेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांनीही चुकवली. ठाण्यासारख्या मोठ्या शहराला आजही स्वतःचे धरण नाही, आणि घोडबंदर रस्त्याच्या नव्या संकुलांत मार्च उजाडला की टँकर ओळीने उभे राहतात. खारघर आणि उलव्याचा भाग नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणून मोरबेचा हक्कही नाही. एकाच शहराचे दोन शेजारी नोड; एकाला धरणाचे पाणी, दुसऱ्याला टँकर. घराच्या जाहिरातीत दोघांचेही नाव ‘नवी मुंबई’च असते.

दुसरे पाणी खाडीचे. या शहराचा मोठा भाग भरतीच्या पातळीहून खाली, भराव घालून वसवलेला आहे. पावसाच्या वेळी भरती आली तर पाणी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून आखणीतच धारण तलाव ठेवले गेले: भरती चढली की दारे आपोआप मिटावीत, पावसाचे पाणी तलावात साठावे, आणि ओहोटी लागली की दारे उघडून ते निघून जावे. वर्षानुवर्षे या तलावांत गाळ साचला, गाळात कांदळवन रुजले, आणि २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीला मनाई केल्यापासून गाळ काढायचा तर परवानग्यांचे चक्र सुरू होते. इथे मी कांदळवनाच्या विरोधात नाही. ठाणे खाडीचा रोहित पक्ष्यांचा परिसर २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला, आणि नेरूळच्या पाणथळीवर उतरणारे पक्षी पाहायला मीही लेकीला घेऊन जाते. माझे म्हणणे एवढेच, की तलाव, पाणथळ आणि कांदळवन हे शहराचे न विकलेले भूखंड नाहीत. ते वाशी-बेलापूरच्या प्रत्येक तळमजल्याच्या किमतीत आधीच मोजलेले आहेत. त्यांतला एक बुजवून त्यावर गृहसंकुल उठवले, तर नवी घरे थोडी मिळतील, आणि जुन्या कित्येक घरांत गुडघाभर पाणी येईल. ते पाणी आधी बैठ्या घरांत शिरते, अकराव्या मजल्यावर नाही.

सध्या आमच्या गल्लीत पुनर्विकासाचे वारे आहे. चाळीस जोती एकत्र करायची, त्यावर मोठी इमारत, प्रत्येक मालकाला वन किंवा टू बीएचके आणि वर काही रोख, असा प्रस्ताव घेऊन एक मंडळी दोनदा येऊन गेली. आप्पांना जिना चढवत नाही, त्यांना लिफ्ट हवी आहे. आईला गच्ची जाईल याचे वाईट वाटते. प्रस्ताव वाईट नाही. मलवाहिनी नवी होईल, अग्निशमनाची गाडी आत येईल, अभियंत्याची सही असेल, आणि कागद इतके स्वच्छ होतील की माझी बँकही त्यावर कर्ज देईल. मी तो प्रस्ताव दोनदा वाचला. त्यात मालकांची यादी आहे, क्षेत्रफळ आहे, पार्किंग आहे, बांधकामाच्या काळातले भाडे किती मिळेल तेही आहे. वरच्या खोल्यांत राहणाऱ्यांचा उल्लेख मात्र नाही. आमच्याच गल्लीत ते दीडशेच्या आसपास असतील. सभेत मी विचारले, तर सचिव म्हणाले, “ताई, भाडेकरू आपल्या व्याख्येत येत नाहीत.” कायद्याने ते बरोबरच होते, करार अकरा महिन्यांचे आहेत. त्या मुलांपैकी दोघांनी परवा तळोज्याकडे खोली पाहिली. भाडे हजार रुपयांनी कमी आहे, कंपनीत पोहोचायला दीड तास अधिक लागेल, आणि रात्रपाळी सुटल्यावर परत जायला काही मिळत नाही, म्हणून त्यांनी अजून होकार दिलेला नाही.